‘ऑपरेशन यशस्वी झालं’ म्हणजे नक्की काय झालं? एसआय जॉइंट फ्युजननंतरचा हिशोब

परवा एका ओळखीच्यांचा फोन आला, की त्यांच्या बहिणीला एसआय जॉइंटचं फ्युजन, म्हणजे कमरेखालचा एक सांधा इम्प्लांट ठोकून घट्ट करायचं ऑपरेशन, सुचवलंय, डॉक्टर म्हणाले ऐंशी टक्के लोकांना फरक पडतो, तर करून टाकावं का. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन करा की नका करू हे फोनवर सांगणारी मी कोण, पण तो ऐंशीचा आकडा डोक्यातून जाईना. कारण आकडा खोटा नाहीये, एका खऱ्याखुऱ्या अभ्यासातून आलेला आहे, फक्त हे ऐंशी टक्के कशाचे, फरक म्हणजे किती फरक, कधी मोजला, आणि कोणाच्या तुलनेत, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. ते चार प्रश्न फोनवर पाच मिनिटांत समजावता येईनात म्हणून लिहायला बसलेय.

आधी जागा कुठली ते बघू. पाठीचा कणा खाली जिथे संपत येतो तिथे एक त्रिकोणी हाड असतं, त्रिकास्थी किंवा सेक्रम, आणि त्याच्या दोन्ही अंगांना कमरेची मोठी पसरट हाडं. ही जिथे जुळतात ते दोन सांधे म्हणजे सॅक्रोइलियाक, बोलताना सगळे एसआयच म्हणतात. मागे कमरेखाली दोन बारीक खळ्या असतात ना, त्याच्याच आसपास. खूप जण माकडहाड दुखतंय म्हणून सांगतात आणि बोट मात्र या खळीवर ठेवतात, माकडहाड याच्याही बरंच खाली असतं. हा सांधा गुडघ्यासारखा वाकत नाही, हालचाल म्हणजे दोन-चार अंश आणि एखाद-दोन मिलिमीटर, बस्स. पण धडाचं सगळं वजन पायांत उतरतं ते इथूनच, म्हणून तो बिघडला की एका पायावर उभं राहून सलवार घालणं, रिक्षातून उतरणं, जिना चढणं, रात्री कूस बदलणं, असल्या साध्या गोष्टींना कळ येते. बाळंतपणानंतर, पडल्यानंतर, कधी मणक्याचं आधी फ्युजन झालेलं असेल तर त्यानंतर हे सुरू होतं. जुनाट कंबरदुखीच्या दर शंभरात साधारण १५ ते ३० जणांचं मूळ इथे असतं असं मानतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आधी वर्षानुवर्षं "गादी सरकलीय" नाहीतर "सायटिका आहे" असंच सांगितलेलं असतं.

मिनिमली इन्व्हेसिव्ह फ्युजन म्हणजे काय तर मोठी चिरफाड न करता, नितंबाच्या बाजूला साधारण तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन, एक्सरेच्या पडद्यावर बघत बघत कमरेच्या हाडातून सेक्रममध्ये इम्प्लांट ठोकायचे, बहुतेक वेळा तीन. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो आयफ्यूज नावाच्या टायटॅनियमच्या त्रिकोणी इम्प्लांटवर, अमेरिकेतली एसआय-बोन कंपनी ते बनवते, तिथे २००८ साली त्याला परवानगी मिळाली. काही ठिकाणी स्क्रूही वापरतात. हेतू एकच, तो सांधा हलायचा थांबावा आणि हळूहळू हाड इम्प्लांटला धरून घट्ट व्हावं.

आता मोजायचं काय?

सगळ्यात सोपा वाटणारा पुरावा म्हणजे फोटो. एक्सरे काढला, तिन्ही इम्प्लांट जागेवर, डॉक्टर म्हणाले छान बसलंय, पेशंट आणि घरचे खूश. ते बघायलाच हवं, कारण इम्प्लांट थोडं जरी जास्त आत गेलं तर तिथून जाणाऱ्या नसेला लागतं आणि पायात वीज गेल्यासारखी कळ सुरू होते, मग परत जाऊन ते मागे घ्यावं लागतं. पुढे वर्षभराने सीटी काढला तर इम्प्लांटभोवती काळी कड दिसतेय का तेही बघतात, तशी कड दिसली तर ते सैल झाल्याची शंका येते. पण फोटो आणि दुखणं यांचं नातं फार घट्ट नाही हो. सांधा सीटीवर मस्त जुळलेला आणि माणूस अजून खुर्चीत तिरका बसतोय, असं होतं, आणि उलटंही होतं, की हाड अजून पूर्ण जुळलेलं नाही पण माणूस मजेत चालतोय. कारण दुखणं मुळात याच सांध्यातून होतं का हा प्रश्न फोटोत येतच नाही. फोटो फक्त एवढंच सांगतो की सुताराने खिळा नीट ठोकला, दाराची कुरकुर थांबली का ते दार उघडूनच बघावं लागतं.

म्हणून मग पेशंटला विचारायचं. दहापैकी किती दुखतंय? किंवा कागदावर दहा सेंटिमीटरची रेघ, एका टोकाला "अजिबात नाही", दुसऱ्या टोकाला "कल्पनेतलं सगळ्यात भयंकर", पेशंटने त्यावर खूण करायची आणि आपण पट्टीने मिलिमीटर मोजायचे, म्हणजे शंभरपैकी आकडा मिळतो. दिसायला बालवाडीतलं काम वाटतं पण अख्ख्या जगात संशोधन यावरच चालतं. यात खाचखळगे बरेच. आत्ता किती दुखतंय की गेल्या आठवड्यात सरासरी किती? उजव्या खळीपाशी किती की एकूण कंबर किती? समजा एखाद्याचा वरचा मणकाही झिजलाय, एसआयचं ऑपरेशन झालं, खळीतलं दुखणं आठवरून दोनवर आलं, पण मणका आपला दुखतोच आहे. त्याला "कंबर किती दुखते" विचारलं तर तो सहा सांगणार, आणि "इथे, या बोटाखाली किती" विचारलं तर दोन. दोन्ही उत्तरं खरी. म्हणून चांगल्या अभ्यासात कुठल्या दुखण्याबद्दल विचारलं ते स्पष्ट लिहिलेलं असतं आणि आपणही तो शब्द शोधायचा.

आणि आपल्याकडचा एक खास अडथळा, डॉक्टरांसमोर कोणी खरा आकडा सांगतच नाही. डॉक्टरांनी एवढी मेहनत घेतली, त्यांना कसं वाईट वाटेल, म्हणून "बरंय आता, तुमच्या हाताला यश आहे". आणि तीच बाई बाहेर येऊन बाकड्यावर बसताना भिंतीला हात लावते. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मी कागद हातात देते आणि स्वतः खोलीबाहेर जाते. सोबत नवरा किंवा मुलगा असेल तर त्यालाही बाहेर घेऊन येते, नाहीतर उत्तरं तेच देतात, "अगं लिही की, तुला आता त्रास नाहीये".

आकड्यापेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं ते रोजच्या कामांबद्दल विचारणं. त्यासाठी ऑस्वेस्ट्री नावाचा फॉर्म आहे, इंग्लंडमधल्या त्या नावाच्या गावातल्या हाडांच्या हॉस्पिटलमध्ये तयार झाला आणि १९८० साली छापून आला, ओडीआय म्हणतात त्याला. दहा विभाग: दुखण्याची तीव्रता, स्वतःचं आवरणं, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक जीवन, लोकांत मिसळणं, प्रवास. प्रत्येकात सहा वाक्यं, जे लागू पडेल त्यावर खूण, शून्य ते पाच गुण. पन्नासपैकी बेरीज, दुप्पट केली की टक्के. वीसपर्यंत त्रास किरकोळ, चाळीसपर्यंत मध्यम, साठपर्यंत गंभीर, आणि ऐंशीच्या वर म्हणजे माणूस जवळजवळ अंथरुणालाच. आपल्यासाठी आनंदाची गोष्ट म्हणजे याची मराठी आवृत्ती इथल्या पेशंटवर तपासून बघितलेली आहे, २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यामुळे कोणी इंग्रजी फॉर्म पुढे करून तोंडी भाषांतर करत बसलं तर बिनधास्त मराठी मागा.

एक उदाहरण सांगते. एक काकू, वय पन्नाशीच्या पुढचं, ऑपरेशनच्या आधी माझ्याकडे यायच्या. फॉर्म दिला, चष्मा लावून पंधरा मिनिटं मन लावून भरला, परत दिला तर आठवा विभाग कोरा. आपल्याकडे तो बहुतेक कोराच येतो, मीही कधी आग्रह करत नाही. बाकीच्या नऊची बेरीज २४. आता इथे लोक घाई करतात, २४ दुणे ४८ लिहून मोकळे होतात. पण एक विभाग सोडला तर भाग पन्नासने नाही, पंचेचाळीसने द्यायचा, म्हणजे ५३ टक्के होतात. पाच टक्क्यांचा फरक तिथल्या तिथे. आणि समजा आधीच्या वेळी पंचेचाळीसने केलं आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणीतरी पन्नासने केलं, तर माणसात काहीही बदल न होता सुधारणा दिसणार! ही चूक खरंच होते.

दुसरी गोष्ट त्याच काकूंनी दाखवून दिली. बसण्याच्या विभागावर बोट ठेवून म्हणाल्या, "मॅडम, हे खुर्चीचं विचारतायत, खुर्चीत मी तासभर बसेन, मला खाली बसता येत नाही त्याचं कुठे लिहू?" बरोबर होतं त्यांचं. फॉर्म इंग्लंडचा, त्यात मांडी घालणं नाही, उकिडवं बसणं नाही, भारतीय संडास नाही, पाटावर बसून पोळ्या लाटणं नाही, एसटीची ती उंच पहिली पायरी नाही. मराठी भाषांतर झालं तरी प्रश्न तेच राहतात. म्हणून मी फॉर्मच्या मागे कोऱ्या बाजूला पेशंटला स्वतःच्या तीन गोष्टी लिहायला सांगते, तुम्हाला नक्की काय परत हवंय. काकूंनी लिहिलं: रात्री कूस बदलताना जाग येऊ नये, मांडी घालून जेवता यावं, आणि भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर न थांबता चढता यावं.

तिसरा प्रकार म्हणजे करून दाखवायला लावणं. यात बोलण्यातली भीड आड येत नाही. एक चाचणी फार साधी आहे, पाठीवर झोपायचं, गुडघा सरळ ठेवून एक पाय साधारण वीतभर उचलायचा, किती जड गेलं ते शून्य ते पाचमध्ये सांगायचं, मग दुसरा पाय. एसआय बिघडलेल्या माणसाला तो पाय शिशाचा झाल्यासारखा वाटतो, स्नायू चांगले असूनही. मग थेरपिस्ट दोन्ही बाजूंनी कंबर हातांनी घट्ट दाबून धरते आणि परत उचलायला सांगते, आणि कधीकधी तोच पाय एकदम हलका होतो, पेशंट चकित होऊन बघत राहतो. पुढे ज्याबद्दल सांगणार आहे त्या युरोपातल्या अभ्यासात ही चाचणी वापरली होती. खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात, हेही मोजतात. घड्याळ लावलं की झालं. आणि चौथं, जे कोणी फारसं लक्षात घेत नाही, ते म्हणजे गोळ्या. दुखणं पाचवर आलं म्हणणारा माणूस रोज तीन गोळ्या खाऊन पाचवर आहे की एकही न खाता, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. किडनी आणि पोट हा हिशोब ठेवतातच, आपणही ठेवावा.

बरं, आता तो ऐंशीचा आकडा. अमेरिकेत इन्साइट नावाचा अभ्यास झाला, १९ केंद्रं, १४८ पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून १०२ जणांना ऑपरेशन आणि ४६ जणांना औषध, फिजिओथेरपी, इंजेक्शन वगैरे. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत साधारण ८१ टक्के यशस्वी आणि दुसऱ्या गटात जेमतेम चारातला एक. फार मोठा फरक. पण यश म्हणजे काय ठरवलं होतं ते बघा: दुखणं शंभरपैकी किमान २० अंकांनी कमी, इम्प्लांटमुळे गंभीर अपाय नाही, नसांचं बिघडलेलं नाही, आणि परत ऑपरेशन लागलं नाही. हे पेशंट आले होते ते सरासरी ८२ च्या आसपास दुखणं घेऊन. म्हणजे एखादी बाई ८२ वरून ६२ वर आली तरी ती यशस्वींच्या यादीत. ६२ म्हणजे तरी दुखतंच आहे की! २० अंक हा आकडा उगाच काढलेला नाही, एवढा फरक पडला की माणसाला तो जाणवतो असं आधीच्या अभ्यासांवरून ठरवलेलं आहे, ओडीआयसाठी तसाच १५ अंकांचा उंबरठा बऱ्याचदा धरतात. पण "जाणवतो" आणि "पुरेसा आहे" यात अंतर आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर या अभ्यासात सरासरी घट २० वर अडली नव्हती, ५० च्याही वर होती, म्हणजे बऱ्याच जणांना उंबरठ्याच्या कितीतरी पलीकडे फरक पडला. मी एवढंच म्हणतेय की टक्के ऐकले की लगेच विचारायचं, टक्के कशाचे, आणि सरासरी किती उतरली.

युरोपात, बेल्जियम, जर्मनी, इटली आणि स्वीडनमध्ये, १०३ जणांवर तसाच अभ्यास झाला, दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांचं कंबरेचं दुखणं साधारण ४५ अंकांनी आणि दुसऱ्यांचं ११ अंकांनी उतरलेलं, ओडीआय २६ विरुद्ध ८. आणि अमेरिकेतल्या जुन्या दोन अभ्यासांतल्या १०३ पेशंटना पाच वर्षं धरून ठेवलं, तेव्हाही दुखणं ५० हून जास्त अंकांनी खाली होतं, आणि ज्या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या सुरुवातीला साधारण चारातले तीन जण घेत होते त्या पाच वर्षांनी निम्म्याहून कमी जण घेत होते. हे सगळं चांगलंच आहे. पाच वर्षं फरक टिकणं ही लहान गोष्ट नाही.

मग माझ्या मनात किंतू का आहे? तीन कारणं. इन्साइट आणि युरोपातला अभ्यास, दोन्हींचा खर्च इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीने केलेला. त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत, पण दुसऱ्या कोणीतरी वेगळ्या पद्धतीने तपासून बघेपर्यंत थांबावंसं वाटतं. दुसरं, प्रत्येकाला माहीत होतं आपल्याला काय मिळालं. वर्षानुवर्षं दुखण्याला कंटाळलेला माणूस, नव्या ऑपरेशनसाठी आलाय, आणि त्याला सांगितलं तुझी चिठ्ठी व्यायामाच्या गटात निघाली, परत तेच जे करून करून तो वैतागलाय. तो हिरमुसणारच, आणि हिरमुसलेला माणूस रेघेवर खूण कुठे करेल? ज्याला ऑपरेशन मिळालं तो आशेने भरलेला. शिवाय इन्साइटमध्ये सहा महिन्यांनी दुसऱ्या गटालाही ऑपरेशन करून घ्यायची मुभा होती आणि बहुतेकांनी ते करून घेतलं, म्हणजे पुढे दोन वर्षांनी, पाच वर्षांनी तुलना करायला खरंतर कोणी उरलंच नाही.

तिसरं कारण सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुखणं सरळ रेषेत चालत नाही, चढतं-उतरतं. माणूस ऑपरेशनला तयार कधी होतो? अगदी असह्य झाल्यावर, म्हणजे चढाच्या टोकावर असताना. ताप १०३ झाला की आपण डॉक्टरकडे धावतो, आणि तिथून तो बहुतेक वेळा खालीच येणार असतो, मग औषध कुठलंही असो. सर्दीला काढा घेतला आणि चार दिवसांत बरं वाटलं, तर श्रेय काढ्याला किती आणि चार दिवसांना किती? यात भूल, हॉस्पिटल, डॉक्टरांचा धीर, तीन आठवडे सक्तीची विश्रांती, घरच्यांनी हातात आणून दिलेला चहा, हे सगळं मिळवा. यातलं काहीच खोटं नाही, दुखणं खरंच कमी होतं. पण त्यातलं टायटॅनियममुळे किती?

हे शोधायचा मार्ग एकच, खोटं ऑपरेशन. ऐकायला क्रूर वाटतं ना? नॉर्वे आणि स्वीडनमधल्या दोन हॉस्पिटलांनी मिळून तेच केलं, निकाल २०२४ मध्ये आला. ६३ पेशंट, सगळ्यांना पूर्ण कल्पना देऊन, त्यांच्या संमतीने. सगळ्यांना भूल, सगळ्यांना छेद, सगळ्यांना टाके. ३२ जणांच्या आत इम्प्लांट बसवले, ३१ जणांच्या नाही. पेशंटला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. सहा महिन्यांनी विचारलं, एसआयचं दुखणं दहापैकी किती कमी झालं? इम्प्लांटवाले सरासरी २.६ ने उतरले. आणि ज्यांना फक्त टाके घातले होते ते? १.७ ने.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. फरक साधारण एका अंकाचा, आणि गणिताने तो योगायोग नाही असं म्हणता येत नव्हतं. म्हणजे जे २.६ ने कमी झालं त्यातला मोठा हिस्सा इम्प्लांट नसतानाही मिळाला. पण म्हणून लगेच "हे ऑपरेशन थोतांड आहे" म्हणणं हाही अन्यायच. ६३ म्हणजे लहान अभ्यास, खरा फरक अजिबात नसण्यापासून ते दोन अंकांच्या थोडा वर असण्यापर्यंत कुठेही बसू शकतो असं त्यांचंच गणित सांगतं. सरासरीच्या आड काही जणांना भरपूर आणि काहींना शून्य फरक पडलेला असू शकतो. आणि निदान किती पक्कं होतं यावर सगळं अवलंबून. एसआयच्या निदानाला सांध्यावर ताण देणाऱ्या पाच-सहा हातांच्या चाचण्या करतात, त्यातल्या किमान तीन दुखाव्या लागतात, मग एक्सरेखाली बघून सांध्यात भुलीचं इंजेक्शन देतात आणि दुखणं निम्म्याने तरी उतरतंय का ते बघतात. यातही गल्लत होऊ शकते, औषध सांध्याबाहेर झिरपून आसपासचं दुखणंही बधिर करतं. ज्याचं दुखणं तिथलं नव्हतंच त्याचा सांधा कितीही सुंदर जोडला तरी आकडा हलणार नाही, आणि दोष मात्र ऑपरेशनला.

वेळेचंही सांगायला हवं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, इथे तर अगदीच. पहिले तीनेक आठवडे त्या पायावर पूर्ण वजन टाकू देत नाहीत, वॉकर किंवा कुबड्या. त्यामुळे सहाव्या आठवड्यातला आकडा पाहून हुरळून जाऊ नये, आणि खचूनही जाऊ नये, कारण त्या वेळी स्नायूंचं दुखणं, चालण्यातला तिरकेपणा असं बरंच मिसळलेलं असतं. साधारणपणे सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं असे टप्पे धरतात. हाड धरायला तर वर्ष किंवा जास्तच लागतं. आणि जे तपासायला परत येत नाहीत त्यांचा विचार करायचा. एखादं क्लिनिक म्हणालं आमचे नव्वद टक्के पेशंट समाधानी, तर विचारावं शंभरातले किती जण वर्षाने परत आले? जो बरा झाला तो येतो पेढे घेऊन, जो रागावला तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, त्याचा आकडा कोणाच्याच वहीत नसतो.

सगळ्यात जीव तुटतो तो कधी माहितीये? एक गृहस्थ माझ्याकडे ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी आले होते, जाड फाइल घेऊन. एमआरआय, सीटी, रक्ताचे रिपोर्ट, बिलं, डिस्चार्ज कार्ड, सगळं होतं. ऑपरेशनच्या आधी दुखणं किती होतं, किती चालायचे, किती वेळ बसायचे, याचा एकही आकडा नव्हता, कोणी विचारलाच नव्हता. ते म्हणाले काही फरक नाही, बायको म्हणाली अहो आधी जिना चढतच नव्हता तुम्ही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, आणि माझ्याकडे ठरवायला काहीच नव्हतं. आठ महिन्यांपूर्वीचं दुखणं कोणाला नीट आठवत नाही, आजचा दिवस वाईट असेल तर जुने दिवस बरे वाटतात, एवढं ते कच्चं असतं. एवढे लाख-दीड लाखाचे कागद आणि दोन पानांचा फॉर्म नव्हता.

म्हणून ज्यांच्या घरात हा विषय चाललाय त्यांना कळकळीने सांगते, ऑपरेशनची तारीख ठरली की एक वही करा. दोन आठवडे रोज संध्याकाळी दोन आकडे, खळीतलं दुखणं दहापैकी आणि एकूण कंबर दहापैकी, आणि त्या दिवशीच्या गोळ्या. एका दिवसाचा आकडा धरू नका, दोन आठवड्यांचा चढ-उतार दिसला पाहिजे. मराठी ओडीआय एकदा भरून त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, भाग कितीने दिलाय तेही लिहा. खुर्चीतून पाच वेळा उठायला लागणारे सेकंद. आणि तुमच्या तीन गोष्टी. हे सगळं नंतर त्याच क्रमाने, शक्यतो त्याच माणसाने, त्याच प्रश्नांनी परत करायचं. डॉक्टरांना विचारायलाही लाजू नका, की तुमच्या स्वतःच्या पेशंटचं तुम्ही काय मोजता, किती जणांचं परत ऑपरेशन करावं लागलं, आणि निदानाचं इंजेक्शन दिल्यावर माझा आकडा कितीवरून कितीवर आला होता. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो, असा माझा तरी अनुभव आहे.

त्या काकूंचं सांगायचं राहिलं. सहा महिन्यांनी आल्या, मी फॉर्म दिला, बाहेर जाऊन उभी राहिले. आठवा विभाग परत कोरा, बाकीच्यांची बेरीज १४, पंचेचाळीसने भागून ३१. म्हणजे ५३ वरून ३१, बावीस अंकांची उतरण, ओडीआयचा १५ अंकांचा उंबरठा धरला तर त्या यशस्वींमध्ये मोजल्या गेल्या असत्या. त्यातले किती अंक टायटॅनियमचे, किती चढाच्या टोकावरून आपसूक उतरलेले आणि किती त्यांच्या सुनेने तीन महिने बादली उचलू दिली नाही त्याचे, हे एका माणसाच्या बाबतीत कधीच वेगळं करता येणार नाही, मलाही नाही आणि त्यांच्या सर्जनलाही नाही. मी कागद उलटा केला. जुन्या फॉर्मच्या मागच्या तीन ओळी मी यावर उतरवून ठेवल्या होत्या, त्यापुढे त्यांनी पेनाने लिहिलं होतं. कूस, "होय, आता सकाळीच जाग येते". जिना, "एकदा थांबते". मांडीपुढे आधी "थोडी" असं लिहून ते खोडलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, "नाही. पाट उंच करून घेतलाय".